अंड्याने काळा पडलेला चमचा

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा चमचा आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे.

मला घडवणाऱ्या सोनाराने गिऱ्हाइकाला बजावलं होतं, "अंड्याला लावू नका, काळा पडेल." त्या घरातल्या ताईने आणि मग तिच्या धाकट्या भावाने पहिला घास माझ्यातूनच खाल्ला. तेव्हा माझं कोण कौतुक! नंतर तीस वर्षं मी कपाटात मोडक्या कुलपांशेजारी पडून होतो. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा त्या भावाला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची होताच तिच्या आईने मला घासून लख्ख केलं. सोनाराची ताकीद सासूबाईंनी तिच्या कानावर घातली होती. आईची शिस्त कडक. भाजी उकडायची, गाळणीवर घोटायची आणि तीन दिवस तीच द्यायची, म्हणजे बाळाला काही सोसलं नाही तर कशामुळे ते कळतं. आधी गाजर झालं, मग मटार.

मटाराच्या तिसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली. राहायला आलेल्या आत्याने, म्हणजे त्याच ताईने, स्वतःच्या ताटलीतलं उकडलेलं अंडं मटारात कालवलं आणि ते बाळाला माझ्यातूनच भरवलं.

"नुसत्या पाल्यावर कसलं बाळसं धरतंय! माझी तिन्ही अशीच वाढली," ती पुटपुटली. माझा नुसता जळफळाट झाला.

थोड्याच वेळात बाळाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. घाईत मला तसंच पिशवीत कोंबून सगळे दवाखान्यात धावले.

"आज नवीन काय दिलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काहीच नाही हो. मटारच, तिसरा दिवस," आई रडवेली झाली.

आत्या जमिनीकडे बघत गप्प. एवढीशी पोर सुजली आहे आणि ही बया तोंडात गुळणी धरून बसली आहे! बाईंनी कागदावर लिहिलं, 'मटार बंद'. म्हणजे उद्या पुन्हा अंडं भरवलं जाणार. सूज घशात उतरली तर?

औषध पाजायला आईने मला बाहेर काढलं आणि ती थबकली. माझी वाटी काळी पडली होती.

"ताई, मटाराने चांदी काळी पडत नाही."

"एकच घास दिला गं," आत्या कशीबशी म्हणाली.

बाईंनी मटार खोडून अंडं लिहिलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही.

मित्रांनो, बाळाला मायेने भरवा, पण काय भरवलंत ते त्याच्या आईला सांगा. त्या दिवशी आत्याला बोलता येत होतं, मला नव्हतं. तरी सांगावं लागलं मलाच.