लाल ठिपक्याचा धोंडा

मी एक जुना धोंडा आहे, आणि मनात राग धरून बसलेला धोंडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. डोंगरातल्या रस्त्यावर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, तिथे मला ठेवलंय.

मित्रांनो, माझा जन्म वर शिखराच्या कड्यात झाला. हिमनदीने मला तिथून उपटलं आणि हजारो वर्षं पोटाशी धरून खाली आणलं. हिमनदी म्हणजे बर्फाचीच नदी, पण चाल अशी की गोगलगाय बरी. वाटेत तिने आम्हा दगडांचंच हत्यार केलं. आम्हाला खडकावर घासून घासून तिने अरुंद दरी परातीसारखी रुंद केली. माझ्या अंगावरचे ओरखडे तेव्हाचेच. मग ती मागे सरली आणि मला इथे सोडून गेली. तिच्या वितळलेल्या पाण्याचा ओढा मात्र अजून राबतोय. रुंद दरीच्या तळाशी तो आपली खोल घळ कापतो आणि माझ्या धाकट्या भावंडांचे गुळगुळीत गोटे करतो.

मला किंमत दिली ती एका मोजणीदाराने. त्याने माझ्यावर लाल ठिपका रंगवला. दर उन्हाळ्याच्या तोंडी तो ठिपक्यावर टेप धरायचा आणि बर्फाच्या कडेपर्यंत अंतर मोजायचा. खाली ओढ्याकाठी त्याच्या थोरल्या बहिणीचं पत्र्याचं चहाचं दुकान होतं. भावाबहिणीचं ठरलेलं होतं: बर्फ वीस पावलांहून जास्त मागे सरला की ओढा फुगणार, मग दुकान उचलून वरच्या काठावर न्यायचं. "ताई, हा धोंडा माझ्यापेक्षा खरं बोलतो," असं तो म्हणायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग रस्ता रुंद करणारे आले. "इथे गाड्या लावायला जागा हवी. सरकवा याला पुढे," त्यांचा साहेब म्हणाला. क्रेनने मला उचलून पन्नास पावलं बर्फाच्या दिशेने ठेवलं. अर्ध्या दुपारचं काम. कुणाला कळवावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नेमके त्याच वर्षी मोजणीदाराचे गुडघे गेले. त्याने लेकीला पाठवलं. ती इतक्या वर कधीच आली नव्हती. तिने ठिपका शोधला, टेप ताणला, दोनदा मोजलं आणि मला टेकूनच फोन लावला.

"बाबा, अंतर वीस पावलांनी कमी झालंय!"

"काय सांगतेस! बर्फ पुढे आला?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "जाताना आत्याला सांग, यंदा दुकान हलवू नकोस म्हणावं."

बर्फ खरं तर तीस पावलं मागे गेला होता. मी ओरडत होतो, पण दगडाचं कोण ऐकतं?

दीड महिन्यांनी, भर दुपारी, ओढा फुगला. दुकान गेलं. आत्या आत चहा गाळत होती, तीही गेली.

चार दिवसांनी मुलगी पुन्हा माझ्यापाशी आली. "बाबा, मी ठिपक्यावरच धरला होता हो टेप. शपथ!" ती फोनवर रडत होती.

"मग चूक कुणाची? धोंड्याची?" एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

त्यानंतर ती दर वर्षी येते, फोन लावते. त्याने तो उचललेला मी अजून ऐकलेला नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट जागची हलवण्याआधी तिच्या भरवशावर कोण बसलंय ते विचारत जा. आणि एवढं कराच. या रस्त्याने उतरताना पहिल्याच वस्तीत ती मुलगी राहते. तिला गाठून सांगा, तिने टेप अगदी बरोबर धरला होता.