शेवटच्या चेंडूची धाव

"रंगराव, बारा वाजता पुस्तक मशिनीवर चढतंय. काही बदल असेल तर आत्ताच सांगा," छापखान्यातून फोन आला.

"एकशे बारा नंबरचं पान तेवढं थांबवा," म्हणत रंगराव पुनावळ्याच्या थांब्यावर उतरले. पिशवीत प्रुफं होती आणि दोन जुनी स्कोअरबुकं.

चाकणच्या कारखान्यात मापं तपासण्यात त्यांची नोकरी सरली. रविवारी मात्र ते कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेचे स्कोअरर. चाळीस वर्षांच्या सामन्यांचा इतिहास त्यांनी एकट्यानं लिहून काढला होता. त्यातलं मानाचं पान, एकशे बारावं, एकोणनव्वदच्या अंतिम सामन्याचं: त्यांच्याच कारखान्याच्या दत्तोबाचं शतक आणि विजय, दोन्ही एकाच चेंडूवर.

काल त्या सामन्यातल्या समोरच्या संघाच्या स्कोअररची मुलगी वडिलांची वही देऊन गेली. तीत शेवटच्या चेंडूपुढे लेगबाय लिहिलं होतं. म्हणजे धाव संघाची, दत्तोबाची नव्हे. रंगरावांनी आपली वही काढून पाहिली; तीत धाव दत्तोबाच्या नावावर होती. अंपायरचा इशारा पाहिल्याचं त्यांना काही केल्या आठवेना. आठवत होतं ते टेबल सोडून मैदानात धावल्याचं.

दत्तोबा घरी खाटेवर बसला होता. अर्धांगानं उजवा हात गेलेला. त्याची बायको सुमनताई आत चहा ठेवत होत्या.

"आलं का पुस्तक, रंगा?"

"आज छपाईला जातंय. दत्तोबा, तुझी ती शेवटची धाव..." रंगरावांनी दोन्ही स्कोअरबुकं खाटेवर ठेवली. "माझ्याकडून चुकलं रे. लेगबाय होती ती."

दत्तोबानं डावा हात नडगीवर ठेवला.

"पॅडला लागला व्हता," तो हळूच म्हणाला. "मला तवाच कळलं व्हतं. पर तुमी समदी नाचत व्हता. मंग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

"इतकी वर्षं?"

"तू घरी आलास की वाटायचं, आज रंगा धरतोय मला."

सुमनताई चहा घेऊन आल्या. "भावजी, यांचं शतक फोटोसकट छापताय न्हवं?"

रंगरावांनी पिशवीतून त्या पानाचं प्रूफ काढलं.

"शंभर न्हाई झालं गं," दत्तोबाच म्हणाला. "नव्व्याण्णव."

कप सुमनताईंच्या हातातच राहिला. माहेरी, शेजारी, सुनांना, सगळ्यांना त्यांनी ते शतक सांगितलं होतं.

"आन् आउट?"

"आउट न्हाई झालो."

"मंग तेवढं तरी नीट लिवा, भावजी."

रंगरावांनी शंभरावर काट मारली. शेजारी नव्व्याण्णव लिहिलं आणि त्याच्या डोक्यावर नाबादची चांदणी काढली. दत्तोबाला चष्म्याविना दिसावी एवढी मोठी.