अंगठ्याशी अडकलेली सूज

मी सूज बोलतेय. हो, तीच! एका शिंप्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी नऊ आठवडे ठाण मांडून बसलेली. बाबांचा अंगठा राहतो की काढावा लागतो, या काळजीनं त्यांच्या मुलीच्या डोळ्याला परवापासून डोळा नाही, आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर. "मेली उतरायचं नाव घेत नाही!" मेली म्हणे! अहो, मी आलेच नसते तर काय झालं असतं, ते विचारा आधी.

टेबलावरून कात्री निसटली, टोकानं अंगठ्यावर पडली आणि माझा जन्म झाला. मी रक्तवाहिन्या सैल केल्या, पांढऱ्या पेशींना हाका मारल्या, जंतू आणि मेलेलं मांस झाडून काढायला लावलं. झाडलोट म्हटली की धूळ उडणारच. मी लाल दिसते, गरम लागते, त्याला इलाज नाही. पण माझं काम चार-पाच दिवसांचं. मी आवरून निघायचं, मग नवं मांस विणणारे येणार, असा आमचा क्रम.

मला निघू दिलं कुणी?

शिंप्याच्या रक्तात साखर. त्यामुळे माझ्या पेशी सुस्त आणि त्याचा पाय बधिर. "दुखत नाही ना, मग काही नाही," म्हणून तिसऱ्या दिवशी स्वारी मशीनवर! शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. त्यानं पायडल दाबलं की आत विणलेलं उसवायचं, आणि मी पुन्हा झाडू उचलायचा.

"अहो, पाय वर घेऊन बसा ना जरा," बायको ओरडायची.

"एवढी एक बाही लावतो."

त्या बाह्या कधी संपल्या नाहीत.

इतकं राबल्यावर माझंही ताळतंत्र सुटलं, हे कबूल करते. घाण विरघळवायला मी जे रस सोडते, तेच आता कोवळं मांसही खाऊ लागले. ज्याला जपायला आले, त्यालाच पोखरत बसले. मी वाईट आहे, की नुसती दमलेय? खरंच, मला सांगता येत नाही.

आणि या घरातली माणसं! मुलगी दुसऱ्या गावात राहते. तिनं फोनवर विचारलं, "आई, बाबांची जखम भरली का गं?"

आईनं उसासा टाकला. "भरलीय."

"बरं झालं बाई!" म्हणून मुलीनं फोन ठेवला.

आईला म्हणायचं होतं, पुवानं भरलीय. नवऱ्याच्या पायात पू, आणि पोटची पोर 'बरं झालं' म्हणते! आई तीन आठवडे रुसून बसली. मुलगी तिकडे निश्चिंत. आणि मी? मला तोंड असतं तर त्या फोनवर किंचाळले असते.

परवा मुलगी आली, तिनं ओला मोजा पाहिला.

"आई, तू भरलीय म्हणालीस ना!"

"पुवानं भरलीय म्हटलं! आणि तू काय म्हणालीस, आठव."

मुलगी मोजा उतरवायला खाली बसली. "मीच मेलीनं पुढं विचारलं नाही," म्हणाली. चला, या घरात मेली मी एकटी नव्हते.

आज सगळे दवाखान्यात आलेत. डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं. पाय सहा आठवडे टेकवायचा नाही, साखर आटोक्यात आणायची, तर अंगठा वाचेल म्हणाले.

"सूज उतरायची गोळी द्या ना," मुलगी म्हणाली.

पट्टी बांधणारी सिस्टर हसली. "ताई, हिला हाकलून काय होणार? हिला सारखं कामाला जुंपतंय कोण, ते बघा."

नऊ आठवड्यांत पहिल्यांदा कुणी माझी बाजू घेतली!

"पण गणवेश..." शिंपी पुटपुटला.

"मशीनचा पट्टा काढून पर्समध्ये घातलाय, बाबा."

वाचकहो, तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. मला शिव्या घालण्याआधी मला मोकळं करा. मी आनंदानं जाईन.

एवढ्यात शिंप्याची पाच वर्षांची नात खाली वाकून माझ्याकडे बघू लागली.

"ही काय करते?"

"आत केर काढते," सिस्टर म्हणाली. "नऊ आठवडे झाले, रोज."

आता 'शी' ऐकायची माझी तयारी होती. पोरीनं नाक जवळ आणलं आणि विचारलं, "रविवारीपण?"