विहीर निळी झाली तेव्हा

अहो, दगड समजून पाय देऊ नका! मी कासव बोलतोय. वडीगोद्रीजवळ पुंजारामचा मोसंबीचा मळा आहे, त्यातली ही विहीर. पाण्यात राहवत नाही म्हणून पायरीवर येऊन पडलोय. डोळे चिकटलेत, त्यामुळे तुम्ही दिसत नाही. पण पावलं कळतात. बसा जरा.

माझा जन्म गोदावरीच्या वाळूतला. ही विहीर खोदली तेव्हा पुंजारामचे वडील रखमाजी शहागडला गेले आणि मला तांब्यात घालून घेऊन आले. मी तळहाताएवढाही नव्हतो. आपल्याकडे रीतच आहे, नव्या विहिरीत कासव सोडायचं. ते शेवाळ, किडे खाऊन पाणी जितं ठेवतं. म्हातारा भारी चौकस. मला सोडण्याआधी त्यानं स्वतः ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. "गोड हाय. ऱ्हाय बाबा सुखानं," म्हणाला. तीस वर्षं मी ती नोकरी केली, एक दिवस खाडा नाही.

तीन वर्षांपूर्वी माणसं आली. रामप्रसाद गुरुजींचे गुडघे धरले होते, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. गुरुजी एकटे कशाला येतात! चौदा जणांचं जलतरण मंडळच काढलं. सगळे चाळिशीच्या पुढचे, पोटं सुटलेली, पाठीला डबे बांधलेले. एकेक जण धप्पकन पडला की विहिरीला लाटा यायच्या. मला गंमत वाटायची. पण काय एकेकाच्या सवयी! अंगाला साबण फासून उड्या मारायच्या, शाम्पूच्या पुड्या पाण्यातच टाकायच्या, गुटख्याची पिचकारी भिंतीवर. अशीच एक पुडी माझ्या गळ्यात अडकली. दोन दिवस मान आत घेता येईना.

ती सोडवली दैवशाला सिस्टरनी. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स त्या, बायकांच्या तुकडीत पोहायला यायच्या. मला मांडीवर घेऊन त्यांनी पुडी कापली आणि तशाच ओल्या अंगानं गुरुजींना फैलावर घेतलं. "गुरुजी, आजपासून साबण बंद, पुड्या बंद, गुटखा तर बिलकुल बंद. हे पाणी त्याचं घर हाय." गुरुजी ओशाळले. आणि खरं सांगतो, माणसं सुधारली. दोन वर्षं सुखाची गेली. सिस्टर आल्या की मी मुद्दाम वर यायचो. फार जीव लागला होता मला त्यांचा.

यंदा उन्हाळ्यात मंडळानं पर्यावरणपूरक पोहण्याची स्पर्धा ठरवली. कापडी फलक, स्टीलचे पेले, पळसाच्या पत्रावळी, डब्यांऐवजी वाळके भोपळे. जालन्याहून पाहुणे येणार होते. सगळं कसं बराबर जमलं होतं. फक्त पाणी हिरवं होतं.

"लोक म्हणतील, डबक्यात पोहून राह्यलेत," गुरुजी म्हणाले.

"त्यात काय! मोरचूद हाय ना घरात," पुंजाराम म्हणाला. "मोसंबीच्या खोडाला दरसाल चुन्यात कालवून लावतो. शेवाळ मरंल अन् पाणी निळंशार."

सिस्टरनी विचारलं, "मासे, कासव... त्याहिला काही होणार न्हाई ना?"

"झाडाला होत न्हाई, तर त्याहिला काय होतंय?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. पण थोडंच टाका."

पुंजारामनं स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंदाजानं टाकलं, अर्धं पोतं. माझी कातडी अशी चरचरली की मी धडपडत पायरीवर आलो. सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. पाहुणे यायच्या आत पुंजारामनं टोपल्या भरभरून ते मोसंबीच्या आळ्यांत पुरले. सिस्टरनी ते पाहिलं. मला वाटलं, आता ह्या ओरडतील, सगळ्यांना घरी पाठवतील. पण त्यांच्या हातात माईक होता आणि वर गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्यांनी पाणी जपण्याची शपथ वाचली. मागून सगळे मोठ्यानं म्हणाले.

पाणी फार सुंदर दिसत होतं म्हणे. फोटो निघाले, टाळ्या पडल्या. जिंकलेल्यांना मोसंबीची रोपं दिली. डोळे चुरचुरतात म्हणून दोघा-तिघांनी कुरकुर केली, तेवढंच.

त्याला पंधरा दिवस झाले. शेवाळ नाही, बेडूक नाही, साधा किडा नाही. मी खाऊ काय? भुकेपायी कपारीत राहिलेला एक मेलेला मासा खाल्ला, तेव्हापासून पोटात काही टिकत नाही. मंडळ बंद आहे. सिस्टर तेवढ्या रोज येतात, बादलीभर चांगलं पाणी माझ्या पाठीवर ओततात आणि रडतात. "मी बरं म्हणायला नको होतं रे. मासे बघितले तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं."

होय सिस्टर, पाहिजे होतं. मी रागावलोय तुमच्यावर. आणि तरी रोज तुमच्याच पावलांची वाट बघतो, काय करू?

काल पुंजाराम त्यांची समजूत घालत होता. "रडू नका ताई. पाऊस पडला की विहीर भरंल. मंग शहागडहून दुसरं कासव आणून सोडू की."

दुसरं!

पुंजाराम, माझं सोड, मी दोन दिवसांचा सोबती. पण त्या लेकराला घेऊन येशील तेव्हा तांब्या काठावर ठेव आणि तुझ्या बापानं केलं तेवढं आधी कर. पायऱ्या उतर. ह्या पाण्याची एक ओंजळ भर. आणि पी.