उष्ट्याचा प्रवेश

बोथ गावच्या नाटकमंडळीचे म्हातारे दिग्दर्शक लेकाकडे राहायला गेले आणि मंडळी हर्षदीपच्या हाती आली. तो सरकारी मंडल ऑफिसात कारकून होता. अध्यक्ष केशवरावांनी स्वतः त्याला हार घातला. "आता नाटक तुह्यं. तुले वाटते तसं बसव."

पहिलाच प्रयोग शेजारच्या इचोड्याला होता. संध्याकाळी कलाकार जेवून उठले आणि केशवरावांचा भाचा पंकज पत्रावळींवरचं उरलंसुरलं एका ताटात ओढू लागला. बोटं फिरलेला भात, चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, कुणीतरी दातानं तोडून ठेवलेली पुरी.

"हे काऊन गोळा करून राह्यला?" हर्षदीपनं विचारलं.

"मोतीरामच्या सीनले. खरं उष्टं असलं की तोंड कसं करते तो! पब्लिक लोळते."

मोतीराम नाटकात भुकेल्या गड्याचं काम करत. गडी मालकाच्या पंगतीतलं उष्टं चोरून खातो, असा तो प्रवेश. वीस वर्षं लोक त्याला हसत आले होते. पहिल्या रांगेत बसून हर्षदीपही हसला होता. ताटात काय असतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. मोतीरामकाका त्याच्याच मोहल्ल्यातले, त्याच्या बापाबरोबर लोकांच्या शेतात राबलेले.

त्यानं ते ताट नालीत उपडं केलं आणि तो मोतीरामांकडे गेला. ते मेकअपच्या खोलीत तोंडाला रंग लावत होते.

"काका, तो सीन आजपासून बंद."

"काऊन? साऱ्या नाटकात मले टाळ्या तेवढ्याच भेटतात."

"लोकाइचं उष्टं असते ते!"

"मले मालूम नाही का? माह्या जिभेले इचार." मोतीरामांनी आरसा खाली ठेवला. "ते काढलं, तं माह्याजवळ काय उरते रे?"

हर्षदीपला त्या खोलीची, तिथल्या प्रत्येक माणसाची आणि स्वतःचीही किळस आली.

तिसऱ्या अंकात तो प्रवेश गाळलेला दिसताच लोक "ताट! ताट!" ओरडू लागले. समोरच्या विंगेतून केशवरावांनी पंकजला उष्ट्यानं भरलेलं दुसरं ताट देऊन मंचावर ढकललं. मोतीराम सवयीनं उकिडवे बसले, हात पुढे गेला. हर्षदीप पॅन्ट-शर्टावरच मंचावर शिरला. त्यानं ताट उचललं आणि विंगेत नेऊन केशवरावांपुढे धरलं.

"खा तुमी."

"छी! येडा झाला का?" केशवरावांनी नाकाला रुमाल लावला.

"एक घास खा. मोतीरामकाकानं वीस वर्षं खाल्लं."

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या. अर्धे लोक उठून गेले. मोतीराम पुढचं वाक्य बोलले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी केशवरावांनी हर्षदीपला काढलं. मंडळीचं नाव, पडदे, कपडे त्यांच्याकडेच राहिले. अकरा कलाकारांपैकी चौघं हर्षदीपबरोबर निघाली. मोतीराम कुठंच गेले नाहीत. रस्त्यात भेटले की तोंड फिरवायचे. एकदा म्हणाले, "त्याइनं मले उष्टं चारलं. तू तं माहा सीनच खाल्ला."

दीड महिन्यानं, रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात हर्षदीपच्या नव्या नाटकाची तालीम चालू असताना ते आले आणि चपला काढून भिंतीला टेकून बसले.

"माह्यासाठी काई हाये का याच्यात?"

"हाये," हर्षदीप म्हणाला. "पण लोक हासतीन असं नाही."

मोतीरामांनी कागद घेतले, चष्मा पुसला आणि पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. पण चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.