बाहेर बसण्याची सोय

"यांचा दम कमी कधी असतो?" डॉक्टरीणबाईंनी चंद्राबाईंकडे बघत विचारलं आणि उत्तर हैबतरावांनी दिलं.

"ती बाहेरची असती न्हवं, तवा. त्या चार दिसांत छाती अक्षी मोकळी. बाकी म्हैनाभर लोहाराचा भाता."

पुण्यात आलं की उत्तरं आपण द्यायची, अशी हैबतरावांची समजूत होती. कोर्टात ते देत, वकिलाच्या घरी देत, मग दवाखान्यानेच काय पाप केलं होतं? शिवाय कोर्टाची तारीख आणि दवाखान्याची तारीख ते एकाच दिवशी धरत. मुळशीकडच्या माले गावाहून निघालेल्या एका यष्टीत दोन्ही दुखणी यायची.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या हुशार होत्या आणि मनापासून विचार करत होत्या, यात शंका नाही. माघात त्यांनी चंद्राबाईंना दोन गोळ्या सुरू केल्या होत्या. पांढरी दम्याची, दम लागला की घ्यायची. दुसरी बारकी, हार्मोनची. पाळी जाता जाता अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते, त्यासाठी ती. तीन आठवडे घ्यायची, एक आठवडा सोडायची. सोडलेल्या आठवड्यात थोडं जाईल, घाबरू नका, असंही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. तसं ते झालं. वाफा थांबल्या, झोप आली, आणि वर्षभरापूर्वी पाळी बंद झालेल्या चंद्राबाई दर महिन्याला पुन्हा ओटीवर, आपल्या जुन्या कोपऱ्यात, घोंगडी टाकून बसू लागल्या.

"स्वयंपाकघरात धूर असतो का फार?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांच्या घरी असतोय तेवढाच," हैबतराव म्हणाले. हे खरं होतं. मुळशी खोऱ्यात धुराची तक्रार करणं म्हणजे डोंगराची तक्रार करण्यासारखं होतं.

"म्हणजे गोळी चालू असली की दम वाढतो, गोळीचा खाडा पडला की उतरतो. सरळ आहे. हार्मोनची गोळी यांच्या छातीला मानवत नाही. काही जणींचं होतं तसं. बंद करू या."

चंद्राबाईंनी तोंड उघडलं होतं. पण तोवर हैबतरावांची मान हलून झाली होती, आणि एकदा हललेली त्यांची मान कोर्टाच्या नऊ वर्षांत कोणत्याही न्यायाधीशाला मागे घ्यायला लावता आली नव्हती.

परतीच्या यष्टीत चंद्राबाईंना खिडकीची जागा मिळाली. पौड मागे पडल्यावर त्या बाहेर बघतच बोलल्या.

"मला वाटतंय, गोळीचा काय दोष न्हाई."

"डाक्टरापरीस तुला कळतंय?"

"तसं न्हवं. बाहेर बसते त्या दिसांत मी चुलीपाशी नसते. येवढंच."

हैबतराव 'हूं' म्हणाले. त्यांना ते कळलं नाही असं नाही. कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहिली.

ती भिंत स्वयंपाकघराची मागची भिंत. तिला खिडकी नव्हती. धूर कौलांतून आपल्या सवडीनं जायचा. भिंतीपलीकडे चुलतभाऊ बहिरूचं अंगण आणि घर होतं, आणि भिंत नक्की कोणाच्या हद्दीत, याची केस पुण्याच्या कोर्टात पडून होती. निकाल लागेपर्यंत भिंत 'जैसे थे' ठेवावी, असा हुकूम होता. वकिलांनी बजावलं होतं, हैबतराव, तिला खिळासुद्धा मारू नका. हैबतरावांनी ते इतकं मनावर घेतलं की भिंतीवरची कोळिष्टकंही ते काढू देत नसत. काळ्याकुट्ट झालेल्या त्या भिंतीवर एकच फिकट जागा होती. दम लागला की चंद्राबाई तिथे पाठ टेकायच्या.

घर चालवणाऱ्या बायका दोन. थोरली चंद्राबाई चुलीशी आणि धाकटी जाऊ धोंडाबाई शेतात. धोंडाबाईचा नवरा मुंबईत लोकांना घरचे गरम डबे पोचवायचा, आणि इकडे त्याच्या बायकोच्या हातचा भात जन्मात कधी शिजला नव्हता. चंद्राबाई बाहेरच्या असल्या की चार दिवस तो कणीदार भात सगळ्यांना गिळावा लागे. चंद्राबाईंची पाळी गेली तेव्हा घरादाराने सुटकेचा निःश्वास टाकला. चंद्राबाईंना तेवढा टाकता येईना. चूल आता बारा महिने, तीस दिवस त्यांच्याच वाट्याला आली.

त्यांनी एकदा सुचवून पाहिलं होतं, धोंडा चुलीशी बसंल, मी खाचरात जाते. हैबतराव म्हणाले होते, लोक काय म्हणतील, थोरली चिखलात आन् धाकटी घरात? विषय तिथेच मिटला. लोक काय म्हणतात ते विचारायला मात्र कोणी गेलं नाही.

हार्मोनची गोळी बंद झाली. वाफा परत आल्या. दम जायचा होता, तो काही गेला नाही. आषाढ लागला, सरपण ओलं झालं, आणि चंद्राबाई फुंकणीनं चूल फुंकायच्या ऐवजी चूलच त्यांना फुंकू लागली. पांढरी गोळी घेतली की काळीज धडधडे, हात थरथरत, भाकरी तव्यावर वाकडी पडे. त्या दिवसभर काही बोलत नसत. बोलायला जो वारा लागतो, तो त्या भात वाढायला राखून ठेवत.

आणि एका सकाळी हैबतराव उठून बाहेर आले, तर चंद्राबाई ओटीवर कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या. शेजारी स्वतःचा तांब्या. सवयीनं हैबतराव अंग चोरून पलीकडून गेले. अंगणात पोचल्यावर त्यांना आठवलं, की गोळी तर बंद आहे.

ते चुलीपाशी गेले. धोंडाबाईनं पदर पुढे ओढला.

"थोरली बाहेरची कशी? गोळी तर बंद हाय."

"आक्का म्हणत्यात तर असंल," धोंडाबाई लाकूड सारत म्हणाली. "मला भात उतरवायचं काम."

मग ते ओटीवर येऊन बायकोसमोर उभे राहिले. चंद्राबाईंनी समोरच्या डोंगरावरची नजर काढली नाही.

"चार दिस बसू द्या. मग उठते."

"देवाला खोटं चालतंय व्हय?"

"देव काय चुलीपाशी बसतुया?"

 नऊ वर्षं कोर्टात उत्तरं देणारे हैबतराव गोठ्यात निघून गेले. दुपारी धोंडाबाईचा भात त्यांनी पाण्याबरोबर गिळला, एक शीत ताटाच्या कडेला न काढता. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी कर्तबगारी होती. तिची नोंद कुठेच झाली नाही, आणि दुर्दैवाने ती टिकलीही नाही.

श्रावणातही तसंच झालं. विटाळशी बाईने कशाला हात लावू नये, हा नियम ज्या कोणी केला, त्याच्या हातून बायकांवर नकळत एक मेहेरबानी होऊन गेली. चंद्राबाई चार दिवस हात मांडीवर ठेवून बसायच्या. दुसऱ्या दिवशी छातीतली शिट्टी थांबायची. तिसऱ्या दिवशी त्या जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायच्या, आणि चौथ्या दिवशी चक्क हसायच्या. घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि कोणी काही विचारत नव्हतं.

भाद्रपदात वकिलांचा निरोप आला. भिंत एकदा डोळ्यांनी बघायची आहे, येतो. आले ते नेमके चंद्राबाई ओटीवर बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळची यष्टी यायच्या आधी हैबतराव घोंगडीपाशी उकिडवे बसले. बायकोसमोर ते असे बसल्याचं यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं.

"आजच्या दिस उठ. वकील येतोय. धोंडाचा भात त्याला घातला तर आपली केस जाईल."

"मी बाहेरची हाय."

"अगं, न्हाईस न्हवं."

 चंद्राबाईंनी घोंगडी गुंडाळली. कोर्टकचेरीत हयात घालवलेल्या हैबतरावांनी निर्विवाद सिद्ध केलेला हा एकमेव मुद्दा.

चंद्राबाईंनी न्हाऊन चूल हातात घेतली. धोंडाबाई म्हणाली, आक्का, मी फुंकते, तुमी नुसतं सांगा. चंद्राबाई म्हणाल्या, "तू सर. तुझ्यानं भात बिघडंल."

वकील भिंतीच्या पडवीकडच्या टोकाला उभे राहून पट्टीनं माप घेत होते. आतून खोकला येत होता. माप चुकलं म्हणून त्यांनी पुन्हा घेतलं.

"आत कोण आहे?"

"सैपाक चाललाय," हैबतराव म्हणाले.

जेवण उत्तम झालं. असा आंबेमोहर पुण्यात डोळ्यांना दिसत नाही, असं म्हणून वकिलांनी तिसऱ्यांदा भात घेतला. चंद्राबाईंनी तो एका हाताने वाढला. दुसऱ्या हाताने त्यांनी चौकट धरली होती. केस आपल्या बाजूची आहे, असं सांगून वकील संध्याकाळच्या यष्टीने गेले.

हैबतराव त्यांना पोचवून परत आले तेव्हा चंद्राबाई चुलीपुढे बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. पदराच्या गाठीतल्या पांढऱ्या गोळ्या संपल्या होत्या. ओठ निळे पडले होते. बैलगाडी पौडच्या दवाखान्याकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेतून सावकाश परत आली. आता घाई नव्हती.

दहाव्याला बहिरू आला. केस लागल्यापासून त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता. टोपी काढून तो ओटीवर बसला.

"दादा, वैनीचा खोकला आमच्यात ऐकू यायचा. माझी मंडळी म्हणायची, ह्यांनी खिडकी का पाडून घेतली न्हाई."

"भिंत वादातली."

"तुमी इचारलं असतं, तर मी न्हाई म्हणालो असतो व्हय?"

"मी इचारलंच न्हाई," हैबतराव म्हणाले.

"मी बी बोललो न्हाई. केस हुती न्हवं."



पुढच्या महिन्यात धोंडाबाई बाहेरची झाली. ओटीवरच्या त्याच कोपऱ्यात तिनं घोंगडी टाकली. मग घरात धोंडाबाईची पोरं होती, भूक होती, आणि चुलीशी बसायला फक्त हैबतराव होते. ते बसले. सरपण अजून ओलं होतं. त्यांनी फुंकणी लावली आणि पहिल्याच फुंकरीला धूर त्यांच्या डोळ्यांत, नाकात, छातीत शिरला. ते खोकू लागले, ते थांबेनात. जन्मभर या घरात जेवूनही आत इतका धूर असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"सावकाश फुंका," बाहेरून धोंडाबाई म्हणाली.

त्यांनी सावकाश फुंकलं. पुन्हा खोकला आला. तो ओसरला तेव्हा भिंतीतून आवाज येत होता. पलीकडून कोणी पहार मारत होतं. एक घाव, मग थोडं थांबून दुसरा. काळ्या भिंतीवर जिथे ती एकच फिकट जागा होती, तिच्या वीतभर वर माती हलली, आणि मातीचं एक ढेकूळ सुटून चुलीपाशी पडलं.

कोळिष्टकं काढू न देणारे हैबतराव उठले नाहीत. त्यांनी भाताचं पातेलं माती पडणार नाही इतकं बाजूला सरकवलं, आणि पुन्हा फुंकणी उचलली.