माझी चाचणी अजून चालू आहे

थोडं मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. मी नावेचं इंजिन आहे, पैनगंगेवरच्या एका घाटावरचं. हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. त्यातून ही गोष्ट सांगायची म्हटलं की माझ्या अंगात नुसती घरघर सुटते!

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. डोक्यावर पेट्रोलची टाकी, खाली लांब लोखंडी पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. मला नावेच्या मागच्या फळीला आवळायचं, दोरी खेचायची, की मी नाव ढकलत नेतो. छप्पन साली पुराच्या कामासाठी म्हणून मला यवतमाळच्या सरकारी गोदामात आणलं. तिथे दोन वर्षं मी तंबूंच्या गठ्ठ्याखाली पडून होतो. पूर दोनदा येऊन गेला, पण माझा कागद काही टेबलावरून हलला नाही.

अठ्ठावन्नला एकदाचा मी ढाणकीकडच्या या घाटावर आलो. नावाडी रामधननं मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दोरी खेचली. मी असा गरजलो की काठावरची माणसं दोन पावलं मागे सरली. काय तो थाट!

थाट टिकला नदीच्या मध्यापर्यंत. तिथे पाण्याखाली काळा खडक नदीच्या धारेबरोबर लांबवर पसरलाय, त्याला वळसा घालता येत नाही. उन्हाळ्यात दिसतो, पावसाळ्यात गढूळ पाण्यात गडप होतो. ठक्! पंख्याला धरून ठेवणारी पितळी पिन तुटली आणि नाव अर्धा कोस खाली वाहत गेली.

मला दुरुस्त करायला उमरखेडहून मारोती आला. कापसाच्या जिनातला हा फिटर. हाडाचा कारागीर, पण हट्टी. पितळी पिन तुटली ना, मग पोलादी घालतो, म्हणाला. पुढच्या ठेचेला पिन शाबूत राहिली आणि आतल्या चाकाचे दाते गेले. दाते नवे बसवले, वर पाय हलू नये म्हणून जाड बोल्टनं तो जागीच जखडला. पुढच्या ठेचेला नावेची फळीच फुटली. तीन पावसाळे हेच चाललं. दुरुस्त होऊन होऊन मी बेजार झालो.

शेवटी एकसष्ट साली जिल्ह्याहून कागद आला. श्रावणात साहेब स्वतः चाचणी घेतील. इंजिन जाऊन-येऊन टिकलं तर ठीक, नाही तर परत गोदामात. ते गोदाम! तो कुबट वास! माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठायचंच बाकी राहिलं.

पण माझ्याहून जास्त घोर रुपीबाईला होता. घाटाजवळच्या बंजारा तांड्यातली ही म्हातारी. तिची लेक सोनीबाई पलीकडच्या गावात दिलेली. वल्ह्यांची नाव आषाढात बंद व्हायची ती दसऱ्यालाच सुटायची. सोनीबाईचं पहिलं बाळंतपण असंच भर पुरात झालं. पोर आठ दिवसांत गेलं. रुपीबाईला ते दसऱ्याला कळलं. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते, आणि दिवस भरत होते नेमके श्रावणात.

चाचणीला दहा दिवस उरले होते. मारोती पाना घेऊन माझा बोल्ट आणखी आवळत बसला होता. रुपीबाई शेजारी उभी राहून बघत होती.

"काहून रे मारोती, तू याले दरवेळी जास्तच आवळून राह्यला?"

"आवळलं नाही तं टिकंन कसं, माय?"

"आमच्या बापाजवळ लदनीचे चाळीस बैल होते. पाठीवर दोन्हीकून गोनी. पन गाठ अशी मारे, का बैल नदीत पडला तं एका झटक्यात सुटली पाह्यजे. गाठ नाही सुटली तं ओझ्यासंगं बैलही जाते. तू याची गाठ सोडूनच नाही राह्यला!"

मारोतीच्या हातातला पाना तसाच राहिला. तो माझ्या पायाकडे बघत बसला, मग ताडकन उठला, सायकलवर टांग टाकली आणि निघाला. समोर आलेला चहासुद्धा प्यायला नाही!

आठ दिवसांनी तो जिनाच्या भंगारातून घडवलेली एक चीज घेऊन आला. एक बिजागरी, एक स्प्रिंग आणि एक खटका. नाव सरळ चालली की खटका माझा पाय धरून ठेवायचा. पायाला ठेच लागली की खटका सुटायचा आणि पाय मागे वर उचलला जायचा. खडक मागे पडला की पाय आपल्याच वजनानं खाली यायचा आणि खटका पुन्हा अडकायचा. पिनही मारोतीनं परत पितळी घातली. मग लहान पोरासारखा तो माझा पाय वरखाली करत बसला, शंभरदा तरी केला असेल.

चाचणीच्या दिवशी नदी दुथडी भरून चाललेली. साहेब जीपमधून उतरले, फाईल काखेत धरून नावेत मारोतीशेजारी बसले. मागोमाग रुपीबाई गाठोडं घेऊन चढली.

"चाचणीत प्रवासी नकोत," साहेब म्हणाले.

"वजन नसलं तं चाचनी कायची, साहेब?" रामधन म्हणाला, आणि त्यानं माझी दोरी खेचली.

मी सुटलो! पाणी फाडत सुटलो! मध्यावर आलो आणि ठक्! पाय उसळून वर आला, पंखा हवेत भिरभिरला, मी किंचाळलो. "मोडलं! मोडलं!" साहेब ओरडले आणि त्यांनी फाईल छातीशी धरली. नाव आडवी फिरायला लागली. आणि मग, खटक! पाय खाली येऊन जागच्या जागी बसला, पंख्यानं पाणी धरलं आणि नाव सरळ झाली. "बसला! बसला!" मारोती नावेतच उड्या मारायला लागला. रामधननं त्याला खाली ओढलं, नाही तर खडकानं सोडलेली नाव यानंच बुडवली असती.

पलीकडच्या काठावर सोनीबाई एक हात कमरेवर ठेवून उभी होती. "याडी!" तिनं आईला त्यांच्या बोलीत हाक मारली. रुपीबाईनं नाव लागायची वाट पाहिली नाही. गुडघाभर पाण्यात उतरली आणि लेकीला जाऊन बिलगली. मला आनंदानं धुराची उबळ आली.

साहेबांनी चष्मा पुसला. माझ्याकडे वाकून पाहिलं.

"ही बिजागरी मूळ यंत्रात नाही. सरकारी मालमत्तेत विनापरवाना फेरफार? आत्ताच्या आत्ता काढा. यंत्र पूर्ववत करून चाचणी द्या, नाही तर मी हे जमा करून घेतो."

मारोतीचा चेहरा पडला. मला तंबूंचा वास यायला लागला.

रुपीबाईनं लेकीचा हात न सोडता मान वळवली.

"काढ रे मारोती. साहेब म्हनते तं काढ. मी तं लेकीपाशी पोचली, मले काय! पन साहेब, तुमची जीप तं त्या काठावर हाय ना?"

साहेबांनी नदीपलीकडे पाहिलं. जीप आगपेटीएवढी दिसत होती. मग त्यांनी नदीकडे पाहिलं. मारोतीनं मोठ्या अदबीनं पाना बाहेर काढला.

साहेब खाकरले. फाईल उघडून त्यांनी एक ओळ लिहिली: चाचणी चालू ठेवावी.

परतीला खडकावर मी पाय असा उचलला की काय सांगू! साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, नाही तर त्यांनीही दाद दिली असती.

तिसऱ्या दिवशी सोनीबाईला मुलगी झाली. रुपीबाईनं स्वतःच्या हातांनी तिला झेललं. भादव्यात, नदी भरलेली असतानाच, तिघी माझ्या नावेतून माहेरी आल्या. उतरताना रुपीबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, चटका बसला तशी हसली.

आता अडुसष्ट साल आहे. टाकीचा रंग उडालाय, दोरी चौथी आहे, खटका मात्र तोच. ते साहेब बदलून गेले. नवे येतात, फाईल उघडतात, जुनी ओळ वाचतात आणि खाली सही करतात. माझ्याइतकी लांब चाचणी जिल्ह्यात कुणाची झाली नसेल.

तुमच्यापैकी कुणी सरकारी कचेरीत असाल तर एवढंच मागतो, माझी चाचणी संपवू नका. रुपीबाईची नात सात वर्षांची झालीय. आजीला भेटायला ती भर पावसाळ्यात येते, आणि खडक जवळ आला की माझ्याआधी तीच किंचाळते.